आईचं लग्नाआधीचं नाव

माझ्या आईला दोन नावं होती. पहिलं नदीचं, तिच्या वडिलांनी पत्रिका पाहून ठेवलेलं. ते एकोणीस वर्षं टिकलं. मग लग्न ठरलं, आणि आमच्या आजोबांकडच्या महाराजांनी दोन्ही पत्रिका मांडल्या, तर छत्तीसांपैकी गुण जेमतेम अकरा. मुलगी पसंत होती, मांडवाचे बांबू येऊन पडले होते. महाराजांनी तोडगा काढला: मुलीचं नावच बदलायचं. नाव बदललं की अक्षर बदलतं, अक्षर बदललं की रास बदलते, आणि नव्या राशीनं गुण होतात सव्वीस. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि आईचा चंद्र वृश्चिकेतून उठून मुकाट्यानं दुसऱ्या घरी राहायला गेला. हे लहानपणी ऐकलं तेव्हापासून ग्रहांची भीती मला कधी वाटली नाही. इतक्या आज्ञाधारक मंडळींना भ्यायचं कशाला?

पुढची साठ वर्षं ते पहिलं नाव एकच माणूस घ्यायचा. समुद्रपूरचा मामा, आईचा मोठा भाऊ. तो यायचा तेव्हा फाटकातूनच त्या नावानं हाक मारायचा. आई हातातलं काम तसंच टाकून बाहेर जायची. तिची ती चाल एरवी कधी दिसायची नाही.

आईच्या शेवटच्या आजारपणात एका दुपारी माझा भाऊ तिची नखं कापत बसला होता. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आर्वीत नोकरीला. त्याला तेव्हा मूल नव्हतं. नऊ वर्षं दवाखाने आणि देवस्थानं दोन्ही चालू होती. आई म्हणाली, "नात झाली तं माहं नाव ठेवजा."

"ठेवू ना आई," तो म्हणाला.

"हे नाई. ते."

"तेच ठेवू. ताई घेईन पाळण्यात."

आत्या पाळण्यात नाव घेते, तेव्हा वचन दोघांचं झालं. आई त्याच महिन्यात गेली. मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ धोतराचा सोगा डोळ्यांना लावून बसला. "मंग पाह्यतो वाट," एवढंच म्हणाला. मामाचं वय तेव्हा त्र्याऐंशी.

वर्षभरानं मुलगी झाली. सेवाग्रामच्या दवाखान्यात, सकाळी. मी बाहेर बाकावर होते. भावानं बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडला. मी मनातल्या मनात ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. लहान बाळाला थोडं मोठं होत होतं, पण मुली कपड्यांत वाढतात तशा नावातही वाढतात.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला.

"ताई, महाराजानं पत्रिका काढली. अक्षर 'अ' आलं."

"मग?"

"मंग काय? आईचं नाव 'न'वरून. आता तूच सांग."

मी शाळेत बत्तीस वर्षं हजेरी घेतली. शेवटच्या काही वर्षांत निम्मा वर्ग 'अ'च्या आणि 'आ'च्या नावांचा असे. हे अक्षर कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं, आणि चंद्र त्या चरणात महिन्यातून साधारण सहा तास असतो. त्या सहा तासांत वर्धा जिल्ह्यातली निम्मी बाळं कशी जन्माला येतात, हे कोडं मी शिक्षकांच्या खोलीत बऱ्याचदा घातलं होतं. लोक हसत. त्या दिवशी फोनवर मात्र मला ते आठवलं नाही. नऊ वर्षांनी झालेलं लेकरू. त्याच्या आईबापांच्या श्रद्धेशी वाद घालू नये, एवढं शहाणपण मी दाखवलं. आयुष्यभर पत्रिकेला हसून शेवटी मी तिच्यापुढे मान तुकवली, आणि त्याचं मला थोडं कौतुकही वाटलं.

बारसं लॉनवर होतं. फुग्यांची कमान, पाळण्याला मोरपंख, नाचणारा ड्रोन, आणि पडद्याआड थर्माकोलची कापलेली मोठी अक्षरं. वहिनीनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. अडीच अक्षरी नाव. ऐकून मुलगा की मुलगी ते कळत नव्हतं.

"आत्या, तुम्हीच सुचवलं असं सांगतलं आम्ही सगळ्यायले," ती म्हणाली. "मान तुमचा."

बायकांनी माझ्या पाठीवर प्रथेप्रमाणे धपाटे घातले आणि मी बाळाच्या कानात ते नाव सांगितलं. पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या. गुडघ्यांमुळे मामा आला नव्हता. बरं झालं, असं वाटलं.

दोन महिन्यांनी आर्वीच्या स्टँडवर वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत होते, तर शेजारी ते महाराजच येऊन बसले. पत्रिका काढणारे हेच. बारशाला पहिल्या पंगतीत होते. मला त्यांची थोडी गंमत करावीशी वाटली.

"महाराज, तुमच्याकडे 'अ' सोडून दुसरी अक्षरं मिळतात की संपली?"

"काऊन बाई?"

"आमच्या भाचीला पण 'अ'च दिलंत ना."

महाराजांनी सुपारी कातरायची थांबवली. "मी? 'अ'? नाई बाप्पा." मग त्यांनी मोबाईल काढला, चष्मा वर सरकवला, खाली सरकवला. "हे पाहा. रास वृश्चिक, अनुराधा, पहिलं चरण. अक्षर 'ना'. मी तं तुमच्या भावाले 'न'च देल्लं."

मी स्क्रीनकडे पाहत राहिले.

"ते तं उलटे मलेच म्हणे," महाराज रंगात आले, "का महाराज, दुसरं काही निघत असन तं पाहा. मी म्हटलं, दादा, चंद्र काय माह्या घरचा सालदार हाय? जा म्हटलं का गेला? मंग ते म्हणे जाऊ द्या, नाव आमचं ठरलंच हाय, पत्रिका फक्त फाईलले लागते."

गाडी लागली. महाराजांनी माझी पिशवी वर चढवून दिली. वर्ध्यापर्यंत ते काहीबाही बोलत होते, मला त्यातलं एकही वाक्य आठवत नाही.

साठ वर्षांपूर्वी पत्रिकेनं माझ्या आईचं नाव काढून घेतलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. यावेळी पत्रिकेनं ते स्वतःहून परत आणून दिलं होतं, महिन्यातले नेमके सहा तास साधून. मी यावर विश्वास ठेवत नाही. तो योगायोग होता. पण त्या सगळ्या प्रकरणात आईच्या बाजूनं साक्ष देणारा एकच होता, तो चंद्र, आणि त्याला माझ्या भावानं दारातून परत पाठवलं होतं.

रविवारी मी त्याच्या घरी गेले. तो मुलीला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होता. मी महाराजांची भेट सांगितली. तो खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहिलं पाहिजे.

"ताई, जुनं नाव होतं गं. पोट्टीले शाळेत चिडवतीन."

"मग तसं सांगायचं."

"तुले? तू ऐकलं असतं?"

"भांडले असते."

"तेच तं. माणसासंगं तू भांडते. महाराजाचं नाव घेतलं तं मुकाट बसली ना?" त्यानं हे हसत, जवळजवळ लाडानं म्हटलं. "आन आईले आता काय समजते?"

बाटली संपली. त्यानं मुलीला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली आणि म्हणाला, "तुले वाटते तं तू म्हण ना तिले त्या नावानं. कोण अडवते?"

म्हणजे आईची इच्छा आता माझी हौस झाली होती. वहिनी आतून म्हणाली, "फक्त तिच्यासमोर नका म्हणू आत्या, कन्फ्यूज होईन ते." मी चहा घेतला. नाही घेतला असता तर त्याचीही चर्चा झाली असती.

मला त्याच्या खोटेपणाचं तेवढं लागलं नाही. लागलं ते हे, की त्यानं मला नीट ओळखलं होतं. कुठल्या दारात मी भांडेन आणि कुठल्या दारात चपला काढून उभी राहीन, हे त्याला माहीत होतं. मीच त्याला पाटीवर 'अ' गिरवायला शिकवलं होतं.

त्यानंतर आठवड्याच्या आत मामाचा फोन आला. त्याच्या नातवानं फोन लावून दिला, आणि मामा नेहमीसारखा ओरडून बोलायला लागला.

"पोरी, बारसं झालं म्हणते. नाव कोणतं तरी दुसरंच ठेवलं म्हणते."

"हो मामा."

"तुवाच सुचवलं म्हणते."

मामाचा आवाज एकदम खाली आला. "तुले तं मालूम होतं ना वं."

भावाचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. ते घेतलं असतं तर मामाच्या हिशेबी बहिणीच्या लेकानंच तिचा शब्द मोडला असता, आणि तेवढं ऐकायला तो चौऱ्याऐंशी वर्षं जगला असता.

"मामा," मी म्हटलं, "अक्षर नाही आलं. 'अ' आलं."

"असं व्हय." त्यानं मोठा श्वास सोडला, फोनवरही कळलं की त्याला बरं वाटलं. "मंग कोनाचाच इलाज नाई. तिचंई असंच झालतं." आणि थोड्या वेळानं, जरा आशेनं, "महाराज चांगला होता ना वं? कधी कधी चुकते."

"चांगला होता, मामा," मी म्हटलं. "मी स्वतः विचारलं त्यांना."