सखूबाईनं काम सोडलं, का तिला काढलं?

मंडळी, मी दिंद्रुडला कापसाच्या जिनिंगात कारकून हाय. आमची सखूबाई तान्ह्या लेकराला तिथंच झोळीत निजवून काम करायची. परवा मालकानं लेकरू आत आणायला मनाई केली. ती घरी गेली.

आज निजाम सरकारचे तहसीलदार दौऱ्यावर आले, तेव्हा तिनं गाऱ्हाणं घातलं.

मालक म्हणाला, "हुजूर, ही आपल्या खुशीनं गेली."

"बाई, काम तूच सोडलंस ना?" तहसीलदार साहेबांनी तिला विचारलं.

"व्हय साहेब. मग लेकराला कुठं सोडू?"

साहेबांनी मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की लेकरू आणायला मालकानंच मनाई केली.

"मग हे काढणंच झालं," साहेब म्हणाले. "हिला लेकरासकट परत घ्या."

साहेब जाताच मालकानं माझी बैठक फाटकाबाहेर, भर उन्हात हलवली.

उद्या मी काम सोडलं, तर तुमी काय म्हणाल?