गणपतीच्या कारखान्यातली ऊब

दिवाणी न्यायालयात आयुष्यभर लिपिक म्हणून काम केलेल्या माणसाला आपली भीतीही कागदावर मांडायची सवय लागते. सुनेने लाव्यांची अंडी उबवायचे ठरवले, तेव्हा रानातला लावा धरणे गुन्हा आहे एवढे मला ठाऊक होते. हा जपानी लावा घरी पाळता येतो किंवा नाही, हे विचारण्यासाठी मी तीन पत्रे लिहिली, आणि उत्तर येईपर्यंत तिला उबवणी यंत्राला हात लावू दिला नाही. ती चिडली नाही, फक्त रोज एकदा विचारी, "बाबा, टपाल आलं का?"

अंडी सतराव्या दिवशी फुटू लागली आणि नेमक्या त्याच दिवशी, तिची आई रोह्यात पडली म्हणून, तिला जावे लागले. मुलगा कंपनीत शिफ्टला गेला होता. अकरा पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यात दिव्याखाली होती, दोन अंडी यंत्रात आतून टोकरलेली, पण अजून न फुटलेली होती. "दिवा बंद होऊ देऊ नका," ती उंबरठ्यावर म्हणाली, "आणि पाण्याच्या झाकणातले खडे काढू नका, बुडतील. संध्याकाळी येते."

जायफळाएवढी ती पिल्ले. मी खुर्ची खोक्याजवळ ओढली आणि दिव्याकडे पाहत बसलो. साडेअकराला दिवा गेला.

बाहेर आषाढाचा पाऊस होता. हमरापूरच्या आमच्या आळीत, शेजारच्या गणपतीच्या कारखान्यासमोर, वीज कंपनीचा माणूस खांबाखाली उभा होता.

"कोणाच्या आदेशाने लाइन बंद केलीत?" मी विचारले.

"तुमच्याच की. कारखाना घरच्या मीटरवर हीटर चालवतो, तपासा, असा अर्ज हाय तुमचा. तपासायचं तर बंद करावी लागंल ना?"

"ग्राहकाला पूर्वसूचना द्यावी लागते."

"ती बी अर्जात मागायची होती. तीन वाजतील."

असा संताप मला क्वचितच आला असेल, आणि तो ज्याच्यावर काढावा असा समोर कोणी नव्हता. घरी येऊन यंत्रावर गोधडी टाकली. पाणी तापवून बाटल्यांत भरले, पंच्यात गुंडाळून खोक्यात ठेवले. पिल्ले ओरडत होती. सुई टोचावी तसा बारीक, न थांबणारा आवाज. दुसरे पाणी तापेपर्यंत मी कागद पुढे ओढला. 'महोदय' एवढे लिहून झाले आणि लक्षात आले की आवाज कमी झाला आहे.

पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. खालचे एक मी उचलले. पाय थंडगार, डोळे मिटलेले, मान माझ्या बोटावर कलंडली. न्यायालयात मी फाशीचे नव्हे, पण घरे मोडणारे पुष्कळ निकाल टंकलेखित केले आहेत. तेव्हा बोट कधी अडखळले नव्हते. आता मी ते पिल्लू दोन्ही तळहातांत धरून त्यावर श्वास सोडला आणि पुन्हा बाटलीला टेकवले. बाटल्या निवत होत्या आणि तीन वाजायला दोन तासांहून अधिक अवकाश होता.

पावसाळ्यात ओल्या मूर्ती सुकवायला कारखान्यांत प्लास्टिकच्या पडद्याआड शेगड्या लावतात, हे आळीत कोणाला ठाऊक नाही? मलाही होते. फक्त, कारखान्यावर पहिला अर्ज केल्यापासून, त्या दाराशी मी दोन वर्षे गेलो नव्हतो.

मी खोके छत्रीखाली धरून गेलो. कारखाना चालवणारी बाई मूर्तीच्या सोंडेवरून ओला हात फिरवीत होती. तिने वर पाहिले.

"या वकीलसाहेब. आता काय, गणपतीवर अर्ज?"

मी झाकण उघडले. तिने वाकून पाहिले आणि मागे बसलेल्या जावेला हाक मारली, "अगो, बघ तरी, केवढीशी हायत." मग मला म्हणाली, "आत आणा. अर्जानं ऊब येत नाय."

पडद्याआड शेगडीत राखेने झाकलेले निखारे होते. पडदा एका बाजूने वीतभर उघडा होता. धूर कोंडला तर मूर्ती काळ्या पडतात, ती म्हणाली. तिने एका गणपतीच्या पाठीला उपडा हात लावला. "मूर्ती तडकत नाय, तेवढीच ऊब ठेवतो आमी. पाखरांना पुरंल?"

मी सुनेचा तापमापक खोक्यात ठेवला. पारा चढला, आणखी चढला. तिने खोके हातभर मागे सरकवले. पिल्ले पुन्हा ओरडू लागली.

अर्ध्या तासाने आवाज एकदम थांबला. मघाशीही असाच थांबला होता. मला पुढे होऊन पाहवेना. अजून डोळे न रंगवलेल्या त्या मूर्तींच्या रांगेत मी नुसता उभा राहिलो.

"बघा की," बाई म्हणाली.

"तुम्हीच बघा."

तिने वाकून पाहिले. "मेल्यासारखी पडलीत," ती म्हणाली, आणि एकाला बोटाने डिवचले. ते उठून दुसरीकडे जाऊन पुन्हा आडवे झाले. सगळी पाय ताणून, पंख पसरून, सुटी सुटी झोपली होती. अकराही.

तीनला वीज आली. मी घरी जाऊन यंत्र पाहून आलो, पण खोके हलवले नाही. पावसातून पुन्हा नेण्याचे धैर्य नव्हते. संध्याकाळी सून मला शोधत तिथे आली, पिल्लांवरून हात फिरवला आणि विचारले, "यंत्रातली दोन?"

"टोकरली होती तशीच राहिली."

"लाइट गेली होती का?"

कारखान्याची बाई मूर्तीकडे वळून सोंडेवरून हात फिरवू लागली. ती बोलली असती तर बरे झाले असते.

"हो," मी म्हणालो. "माझ्या अर्जामुळे."