चाकावरची खोली

माझ्या जावेला खोली मिळाली आणि मला मिळाली नाही, एवढंच खरं तर सांगायचं आहे. पण ती खोली माझ्या डोळ्यांदेखत उभी राहिली आणि तिच्या भिंतींना माझे हात लागले, म्हणून ती अजून मनातून जात नाही.

कऱ्हाटीला आमचं घर म्हणजे पुढं एक सोपा आणि आत एक माजघर. त्यात सासू-सासरे, दोन नणंदा, धाकटे दीर, जाऊ आणि आम्ही दोघं. आमचे मालक सोप्यात निजायचे, मी माजघरात नणंदांच्या पायाशी. मालकांशी काही बोलायचं तर ते पाणी मागतील तेव्हा तांब्या देता देता बोलायचं. दार लावून बसता येईल असा एक कोपरा असावा, एवढीच माझी इच्छा होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

त्या वर्षी अंथुर्ण्याला एका शेतवाल्यानं कालव्याखालचं रान आम्हाला वाट्यानं दिलं. वांगी, मिरची लावायची होती. आमची शेती सगळी जिरायत, त्यामुळे पाण्याचं रान म्हणताच घरात आनंद झाला. पण तेव्हा गावोगावी कुळकायद्याची चर्चा होती आणि शेतवाला बिचकून होता. त्यानं मालकांना स्पष्ट सांगितलं, "रानात खोप घालायची न्हाय. आज खोप घालशील, उद्या रान माझंच म्हणशील. ऱ्हायाला काय आणायचं ते चाकावर आण. चाक हललं की माझं रान मोकळं."

मालकांच्या अंगात सुतारकी होती. घरची जुनी बैलगाडी मोडायला काढली होती, तिच्या फळ्यांच्या साट्यावर खोली बांधायची असं त्यांनी ठरवलं. मला वाटलं, बांधणारे हे, मग राहणारे आम्हीच.

सासूबाईंनी चुलीपुढं बसूनच निकाल दिला. "थोरली गेली तर हितं चूल कोण बघंल? धाकट्याला आन धाकटीला धाडा. तिची भाकरी कुत्रं बी हुंगत न्हाय. मिरच्या तरी तोडील."

जाऊ दाराआड खुदकन हसली. मी परातीत पीठ मळत होते. मला काम येतं म्हणून मी घरात, आणि तिला येत नाही म्हणून तिला खोली. त्या दिवशी माझ्याही भाकरी करपल्या, पण तोवर निकाल लागून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मालकांनी साट्याच्या चारी कोपऱ्यांना भोकं पाडली, बाभळीच्या खांबांची टोकं तासून त्यांत ठोकून बसवली. वर चौकट आली, मधे आडवे बांबू आले. मग दाराचं माप घ्यायची वेळ आली. धाकट्या भावजयीकडं थोरल्या दिरानं मान वर करून बघायची रीत नव्हती, आणि तीही त्यांच्यापुढं यायची ती पदर नाकापर्यंत ओढून, कमरेत वाकून. तिला 'इथं उभी राहा' असं ते म्हणणार कसे? त्यांनी मला हाक मारली.

"अगं, हितं उभी ऱ्हा. ताठ."

मी उभी राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर काठी आडवी धरून खांबावर कोळशानं रेघ ओढली. मग बसायला लावलं आणि खिडकीची रेघ ओढली. फळीसाठी हात वर करायला लावला. सगळ्या अंगणादेखत ते माझ्या इतक्या जवळ कधी आले नव्हते. मला लाजही वाटत होती आणि रागही येत होता.

"ती माझ्यापरीस उंच हाय," मी हळूच म्हटलं.

"कोण म्हनतं? मला तर वाकलेलीच दिसती," ते म्हणाले.

त्यांचं खोटं नव्हतं. त्यांनी तिला ताठ उभी कधी बघितलीच नव्हती.

भिंतींना मालकांनी तुरकाठ्या विणून कुड केला. सासूबाई म्हणाल्या, कुड लिंपल्याशिवाय थंडी अडत नाही. म्हणून मी शेण-माती कालवून आतून बाहेरून भिंती लिंपल्या. जावेच्या खोलीच्या भिंती मी लिंपत होते आणि ती अंगणात पाय पसरून नणंदेकडून वेणी घालून घेत होती. "अक्का, तितल्या कोपऱ्यात जरा जाड द्या हां, मला वारं सोसत न्हाय," असं वर सांगतही होती. मी हात चेपून चेपून जाड दिलं.

वाळल्यावर बैल जुंपून गाडी नदीच्या उतारापर्यंत नेऊन बघितली. परत आली तेव्हा आतला कुड उघडा पडला होता आणि माती सगळ्या वाटेनं सांडली होती. आमच्याकडं सगळ्यांना घराच्या भिंती ठाऊक होत्या. भिंतच चालू लागली तर माती टिकत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सासरे हसून हसून खोकू लागले. सासूबाई मात्र चिडल्या. "आमी मेंढरांमागं फिरताना घोंगड्याच्या पालात बाळंत झालो. ह्यांस्नी चाकावर वाडा पायजे!"

मला इतकं बरं वाटलं, की वाटेवरची माती झाडायला मी आपणहून गेले.

पण मालक हटणारे नव्हते. त्यांनी कुड काढून टाकला. बुरडाकडून बांबूच्या तट्ट्या आणल्या, चौकटीला आतून बाहेरून बांधल्या आणि मधे तरट भरलं. रॉकेलचे डबे उलगडून छपराला ठोकले. दाराला आतून लाकडी अडसर केला. गाडी पुन्हा उतारापर्यंत गेली आणि जशी गेली तशीच परत आली.

निघायच्या दिवशी पूजा झाली. जावेनं हळदीकुंकू लावून आत पाऊल टाकलं. मालक बैलांकडं होते, म्हणून ती ताठ चालत होती. चौकट खाडकन कपाळाला बसली.

"आई गं! अवो, ही खोली का खुराडं?" ती ओरडली.

दीर म्हणाले, "दादा, दार वर घ्यायला लागंल."

मालक वळून बघायच्या आत तिनं पदर ओढला होता. "चौकटच उतरावी लागंल," ते म्हणाले. "पंधरवडा जाईल. रोपं थांबत्यात का?"

सासूबाई म्हणाल्या, "वाकून जाईल की. बाईच्या जातीला वाकायचं काय नवं हाय?"

ती वाकली आणि गेली. मला वाटलं होतं, आता तरी कुणी म्हणेल की माप थोरलीचं आहे, थोरलीच जाऊ दे. कुणी म्हणालं नाही.

संक्रांतीनंतर सासूबाईंनी मला बाजरी पोचवायला मालकांबरोबर अंथुर्ण्याला धाडलं. खोलीची गाडी वांग्यांच्या कडेला उभी होती. मालक आणि दीर पाणी धरायला गेले. जाऊ म्हणाली, "अक्का, आत जरा पडा. मी वांगी तोडून आलेच."

आत फळीवर तिचा आरसा होता, फणी होती. एका खुंटीला तिचं लुगडं, शेजारी दिराचं पागोटं. ती दोन कापडं एका भिंतीवर बघून मला कसंसंच झालं. मी दार लोटलं आणि अडसर घातला. बाहेर पाटाचं पाणी वाजत होतं. मला कुणी बघत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. मी काही केलं नाही, नुसती बसून राहिले.

किती वेळ गेला कळलं नाही. दारावर थाप पडली.

"अक्का, उघडा की."

मी अडसराला हात लावला, पण काढला नाही.

"झोपला का?"

आवाज निघाला असता तर रडू आलं असतं. टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं, बसा निवांत," ती म्हणाली. "अडसर घट्ट हाय न्हवं? मी बी बसते अशीच, कुणाचं तोंड बघू वाटंना की."

ती पुन्हा वांग्यांत गेली. तिनं टोमणा मारला असता तर मला सोसलं असतं. तिची खोली होती म्हणून तिला असं मोकळं बोलता आलं, आणि त्याचाच मला जास्त हेवा वाटला.

पाणी धरून झाल्यावर मालकांनी बांधावरून हाक मारली, "अगं, निघायचं न्हवं?" मी अडसर काढला, पदर सारखा केला आणि दारातून ताठ मानेनं बाहेर आले.