झेनीताईंचा सल्ला

ओडेल माकाराएगला फुकट मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा संशय यायचा. फळवालीने वर एक आंबा घातला, तर हा आधी तो हुंगून बघणार. त्यामुळे मनिलाच्या विमा कंपनीत चिकटल्यावर पहिल्याच आठवड्यात झेनीताई त्याच्या टेबलाशी येऊन फुकटचा सल्ला देऊ लागल्या, तेव्हा गडी सावध झाला.

झेनायदा तुमुलाक, म्हणजे झेनीताई, क्लेम विभागात सगळ्यांत जुन्या. नवं पोर आलं की त्याला वळण लावायचं, ते वर चढलं की पुढच्याला धरायचं, असा त्यांचा खाक्या. चष्मा कपाळावर चढवून, समोरच्याच्या डब्यातला अदोबो, म्हणजे व्हिनेगरमध्ये शिजवलेलं मांस, न विचारता चाखत त्या सुरू व्हायच्या.

"जेवायला साहेबांबरोबर बसू नकोस, चमचा म्हणतील. एकटा बसू नकोस, शिष्ट म्हणतील. ज्यांच्याकडून तुझ्याकडे कागद येतात ना, त्यांच्यात बस."

"आणि मीटिंगमध्ये साहेब चुकले तर?"

"तर तिथे तोंड उघडायचं नाही. मागाहून खोलीत जायचं आणि म्हणायचं, सर, एवढं मला कळलं नाही, जरा समजावता का? समजावता समजावता त्यांचं त्यांनाच उमगतं. व्हिनेगर जरा जास्त झालंय हं तुझ्या अदोबोत."

सल्ले लागू पडत, हे ओडेललाही नाकारता येईना. ताईंच्या हाताखाली शिकलेली मारिवेल आज सेबूच्या मुख्य कचेरीत संचालक होती. पण नेमकं तिथेच त्याचं घोडं अडायचं. जिना चढायचा कसा हे या बाईला इतकं पाठ, तर ही स्वतः खालच्या पायरीवर का बसलीय? कारण सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. बढती म्हणजे आधी दोन वर्षं सेबूला जाणं, आणि ताईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि बहिणीची पोरं. प्रत्येक वेळी त्यांनी नाही म्हटलं होतं. पण सगळ्यांना ठाऊक असलेल्या कारणावर ओडेलचा मुळीच विश्वास नव्हता.

अशी पाच वर्षं गेली. मग विभागप्रमुख विल्यारुझ सर निवृत्त व्हायला निघाले आणि त्यांची खुर्ची रिकामी होणार हे कळलं. सेबूला जाण्याची अटही कंपनीने नुकतीच काढून टाकली होती. ओडेलला ती खुर्ची हवी होती. बातांगासला, त्याच्या गावी, आई शेजारपाजारी वर्षभर सांगत होती की पोरगा आता साहेब झालाच म्हणून समजा, आणि नाताळला घरी गेलं की शेजारी विचारत, झालास का रे? तो प्रश्न टाळायला हा ताट घेऊन आत जायचा.

त्याच आठवड्यात झेनीताई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. "हे बघ, कुणाकडे शब्द काढू नकोस. सरांकडे तर नाहीच. मागणाऱ्याला ते कधी देत नाहीत. जो मागतो तो खुर्चीत बसला की उठत नाही, असं त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. तू फक्त मान खाली घालून काम कर."

"म्हणजे गप्प बसू?"

"अगदी गप्प."

ओडेलने मान हलवली आणि मनात म्हटलं, हं, आता कळलं. मी गप्प बसलो की बोलणार कोण? त्या दिवसापासून तो ताईंवर डोळा ठेवून राहिला. त्या फोनवर हळू बोलल्या की हा पाणी प्यायला उठायचा. सरांच्या खोलीत गेल्या की हा वेळ मोजायचा. पुढे ताईंनी गुडघे धरलेत म्हणून आजारपणाची रजा टाकली, तर हा म्हणाला, काल जिना तर टणाटण उतरत होत्या.

ताई कामावर परतल्या त्या सकाळी चहाच्या टेबलावर एक उघडा डबा होता. रोस्किल्योस, सेबूकडची कंगोरेदार गोल बिस्किटं. सगळे हात घालत होते.

"कुणी आणली?" ओडेलने विचारलं. कुणीतरी ओठ पुढे काढून ताईंच्या टेबलाकडे दाखवलं.

"वहिनीने पाठवली," ताई पटकन म्हणाल्या. "घे की दोन."

आता या ऑफिसात गुपितं राहत नाहीत, आणि त्याला कारण पासालुबोंग. कुठूनही परतताना सोबतच्यांसाठी खाऊ आणल्याशिवाय आपल्या माणसाला चैन पडत नाही. तापाची रजा काढून सिंगापूरला मुलाखत देऊन आलेला एकजण चॉकलेटं वाटताना सापडला होता. दुसऱ्या एकीचं गुपचूप लग्न बागियोच्या स्ट्रॉबेरी जॅमने फोडलं. माणूस डॉक्टरचं खोटं प्रमाणपत्र आणेल, पण रिकाम्या हाताने यायचं म्हणजे जिवावर येतं. आजारपण सांगून गेलोय, खाऊ नेला तर पकडले जाऊ, एवढं साधं कुणाच्या डोक्यात येत नाही. ताईंच्याही आलं नाही. डब्याच्या झाकणावर सेबूच्या विमानतळावरल्या दुकानाची चिकटपट्टी तशीच होती.

ओडेलने चिकटपट्टी वाचली आणि त्याला इतका आनंद झाला की त्याचीच त्याला नंतर लाज वाटली. नंतर, तेव्हा नाही. तेव्हा तो डब्याचं झाकण घेऊन सरळ विल्यारुझ सरांच्या खोलीत गेला.

"सर, सांगू नये, पण सांगतो. झेनीताई आजारी नव्हत्या. सेबूला मारिवेल मॅडमकडे गेल्या होत्या. तुमच्या खुर्चीसाठी."

सरांनी झाकण उलटंपालटं करून पाहिलं. "आणि तुला काय हवंय?"

इथे ओडेलची जीभ घसरली, की मनातलंच बाहेर आलं, देव जाणे. "सर, माझाही विचार व्हावा. पाच वर्षं झाली."

"झाकण ठेव इथे," सर म्हणाले. "जा तू."

महिनाअखेरीला दावाओ शाखेतला एक अनोळखी गृहस्थ विभागप्रमुख म्हणून आला. ताईंना खोट्या रजेबद्दल ताकीद मिळाली आणि बढतीच्या यादीतलं त्यांचं नाव गेलं. विल्यारुझ सरांच्या निरोपाच्या जेवणात सगळे पान्सितच्या शेवया वाढून घेत असताना सरांनी ओडेलच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझंच नाव लिहून ठेवलं होतं रे मी. मागायला कशाला आलास?"

ताट तसंच ठेवून ओडेल ताईंना शोधत गेला. त्या खिडकीशी बसून केक खात होत्या, अगदी नेहमीसारख्या. त्याने शेजारची खुर्ची ओढली. माफी मागायची म्हणून आला होता, पण तोंडून वेगळंच निघालं.

"सरांना मीच सांगितलं, ताई."

"माहितेय. झाकण त्यांच्या टेबलावर होतं. खायचं सोडून झाकण कोण नेतं या ऑफिसात? तूच."

"पण तुम्ही गेला होतात ना खुर्ची मागायला? मला गप्प बसायला सांगून?"

"गेले होते. पण सरांकडे नाही, मारिवेलकडे." त्यांनी केकचा घास संपवला. आवाजात राग नव्हता, आणि तेच ओडेलला सोसवेना. "आई गेली गेल्या वर्षी. पोरं मार्गी लागली. म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांना चढवलं, एकदा आपण चढून बघू."

"म्हणजे मला फसवलंत."

"सल्ला खरा होता बाळा. सर मागणाऱ्याला देत नाहीत, बघितलंस ना? तुला सांगून घरी गेले आणि जेवताना लक्षात आलं, हा पोरगा माझं ऐकेल. ऐकलं तर खुर्ची यालाच मिळणार." त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणून मग मी सेबूला गेले."