स्टुलाचा निखळलेला पाय

फिटर निवृत्त झाला आणि घरातून केर सोडून काही बाहेर जाईना. फाटक्या चादरींच्या पिशव्या झाल्या, तेलाच्या डब्याची सुपली झाली, मोडक्या छत्रीवर वेल चढला. मग दुरुस्तीला काही उरलंच नाही, आणि गडी सैरभैर झाला. उगाच नळ पिळायचा, चांगल्या मिक्सरकडे टक लावून बघायचा.

"अहो, एका जागी बसा की!" बायको कावली.

शेवटी सुनेनं स्टूल पुढ्यात ठेवलं. "बाबा, पाय निखळलाय. देऊ टाकून?"

"खबरदार!"

त्यानं पाय निरखला. लाकूड शाबूत होतं, स्क्रू कुणीतरी नीट फिरवून काढले होते. त्यानं सुनेकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

"अख्ख्या दिवसाचं काम आहे हे," तो गुरगुरला आणि मांडी ठोकून बसला.