शेंग सोलून होईपर्यंत

प्रश्न विचारून गप्प बसण्यात माझ्या थोरल्या वन्संचा हात धरणारं माणूस उभ्या पुण्यात नसेल. बरं, या बाईंचं काम काय, तर शिक्षकांना शिकवायचं! वर्गात स्वमग्न किंवा विशेष गरजा असलेलं मूल असलं की कसं वागावं, याची प्रशिक्षणं त्या कित्येक वर्षं घेतात आणि त्यांचा सगळा अभ्यासक्रम भुईमुगाच्या शेंगेत मावतो. प्रत्येक शिक्षकापुढे मूठभर भाजक्या शेंगा. मुलाला एकच प्रश्न विचारायचा, मग एक शेंग सोलायची, दाणे खायचे आणि तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. "त्याला ऐकू आलेलं असतं हो," वन्सं सांगतात, "उत्तर निघालेलंही असतं. आपण मध्येच दुसरा प्रश्न घातला की ते बिचारं परत पहिल्यापासून निघतं."

या शेंगा आणायला आम्ही दोघी मंडईत जायचो. एका विक्रेत्यानं कळवळून सांगितलं, "अहो बाई, सोललेले दाणे न्या की, त्रास वाचेल." वन्सं म्हणाल्या, "त्रासच न्यायला आलेय." एकदा प्रशिक्षणाला कोथरूडच्या एका शाळेतले पीटीचे सर आले होते. वेळ वाचावा म्हणून त्यांनी सगळ्या शेंगा आधीच सोलून ठेवल्या. वन्संनी त्या ढिगाकडे मोठ्या कुतूहलानं पाहिलं. "सर, याचं कूट करा आणि घरी न्या. वर्गासाठी दुसऱ्या घ्या." हे कुतूहल त्यांच्या हाडीमाशी आहे. एखादं मूल कान झाकून बाकाखाली बसलं की बाकीचे त्याला बाहेर काढायला धावतात. वन्सं पदर खोचून स्वतः बाकाखाली शिरतात, तिथून काय दिसतं ते बघायला.

घरीही तेच. पाहुण्याला "चहा घेणार?" असं एकदाच विचारायचं आणि बसून राहायचं. पाहुणा बिचारा आग्रहाची वाट बघत "नको, कशाला" म्हणतो आणि वन्सं त्यावर विश्वास ठेवतात. पुणेरी पाहुणचाराला नावं ठेवणाऱ्यांपैकी निम्मे तरी आमच्याकडून गेलेले असावेत.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द उशिरा यायला लागले. त्यांनी 'प' म्हणायचा अवकाश, कुणी पाणी आणायचं, कुणी पंखा लावायचं आणि त्यांना हवा असायचा पेपर. आम्ही सगळे इतके मदतीला धावायचो की त्यांचं एक वाक्य पुरं होईना. आता प्रशिक्षणं बंद करा, असं घरात सगळ्यांचंच मत पडलं. "एकदा... बघू दे," एवढंच त्या म्हणाल्या. हे जमलं नाही तर काम कायमचं सुटणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

प्रशिक्षण पीटीच्या सरांच्याच शाळेत होतं. मी मागच्या बाकावर बसले. "मूल गप्प बसलं," वन्संनी शिक्षकांना विचारलं, "की तुम्हाला कसली..." आणि त्या थांबल्या. ओठ हलत होते, शब्द येईना. पुढच्या रांगेतल्या एक बाई मदतीला उठायच्या बेतात होत्या. मीही तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात कटकन आवाज झाला. पीटीचे सर मान खाली घालून शेंग सोलत होते. मग शेजारच्यांची शेंग फुटली आणि बघता बघता खोलीभर टरफलं वाजायला लागली. कुणी वर पाहिलं नाही, कुणी शब्द पुरवला नाही.

"...भीती वाटते?" वन्संनी वाक्य पुरं केलं. मग जरा ताठ होऊन म्हणाल्या, "टरफलं... पिशवीत."

धायरीला परतताना रिक्षात मी विचारलं, "वन्सं, दमलात का?" त्या बाहेर बघत राहिल्या. दुसरा प्रश्न अगदी जिभेवर आला होता. पर्समध्ये चाचपलं तर एक शेंग सापडली. ती सोलून एक दाणा त्यांच्या हातावर ठेवला, एक मी खाल्ला. धायरी फाटा दिसायला लागला तेव्हा उत्तर आलं.

"नाही गं. अजून... नाही."