अठरा नंदी आणि एक मामा

समाजसेवा मी एकूण नऊ दिवस केली. त्यातले आठ बरे गेले.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपूरच्या नंदनवनात माझी मोठी बहीण, आमची अक्का, घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवायची. पोरं अठरा. त्यांतली दोघं पोलिओमुळे पायात लोखंडी पट्ट्यांचे बूट घालणारी, सुमीला ऐकू येत नव्हतं, गणूला दिसत नव्हतं, आणि बाकीच्या चौदांना सगळं ऐकू यायचं पण ती कोणाचं ऐकायची नाहीत. अशी सगळी पोरं एकत्र बसवण्याला तेव्हा काही नाव नव्हतं. अक्काला कोणी विचारलं तर म्हणायची, "पोरं आहेत, पोरांत बसतात."

मी बी.कॉम. होऊन नोकरीची वाट पाहत घरी बसलो होतो, म्हणून अक्कानं मदतीला बोलावलं. बाईंचा भाऊ म्हणून पोरांचा मी मामा झालो आणि मदतीचा असा सपाटा लावला की विचारू नका! रंजू नावाची पाच वर्षांची मुलगी होती, पट्ट्यांचे बूट घालणारी. ती उठायला लागली की मी तिला उचललीच. गणूनं माठाकडे नुसतं तोंड केलं की पेला त्याच्या ओठाला. (एकदा त्याला तहान नव्हती. तरी पाजलं.)

तिसऱ्या दिवशी अक्का भडकली.

"काहून रे उचलून राहिला तिले?"

"पडेल ना ती."

"पडू दे. पडली की उठते ती. तू आल्यापासून पडलीच नाही, तं उठणं विसरून राहिली."

मला काही हे पटलं नाही. अक्काचं काळीज दगडाचं आहे, असं मी आईला कळवलंसुद्धा.

तेवढ्यात तान्हा पोळा आला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरांचा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी नंदी सजवून तोरणाखाली ओळीत उभे करायचे. तोरण तुटलं की पोळा फुटतो, आणि मग जो तो आपला नंदी ओढत घरोघरी बोजारा मागायला, म्हणजे खाऊ मिळवायला, पळतो. अक्कानं बालवाडीसमोरच्या मैदानात तोरण बांधायचं ठरवलं. आठवडाभर तिचा एकच धडा चालला होता: काहीही झालं तरी कासरा सोडायचा नाही.

पण अक्का धास्तावलेली होती. रंजूचे आबाजी, म्हणजे आजोबा, सावनेरकडचे शेतकरी. ते त्याच दिवशी सकाळच्या एस.टी.नं येणार होते आणि संध्याकाळच्या गाडीनं नातीला कायमचं गावी नेणार होते. शाळेत धक्के खाण्यापेक्षा पोरगी घरी बसून दोन घास खाईल, असं त्यांचं म्हणणं. रंजूच्या आईनं मिनतवाऱ्या करून त्यांना एवढंच कबूल करायला लावलं होतं, की आधी एकदा तिला पोळ्यात पाहा, मग न्या.

"आज तिनं आपल्या पायानं नंदी नेला पाहिजे," अक्का मला म्हणाली. "तू मधात पडू नको. हात खिशात ठेव."

"ठेवतो," असं म्हणून मी बाजारात गेलो आणि भरपूर नायलॉनची दोरी घेऊन आलो.

माझा विचार अगदी साधा होता. गणू भलतीकडे गेला तर? सुमी मागं राहिली तर? रंजू पडली आणि ते आबाजींनी पाहिलं तर? म्हणून अक्का आत पोरांना टिळा लावत होती तेवढ्यात मी अठराही नंद्यांच्या चाकांवरच्या पाटांखालून दोरी ओवली आणि तिची दोन्ही टोकं माझ्या कमरेला बांधली. आता कोणी हरवणं शक्यच नव्हतं. मग ओळीच्या मागे मधोमध जाऊन उभा राहिलो. हात, शब्द दिल्याप्रमाणे, खिशात.

आबाजी आले. धोतर, टोपी, काखेत छत्री. खुर्चीवर असे बसले, जणू निकाल घरूनच लावून आणलाय.

गणूसाठी ताशा वाजणार होता आणि सुमीसाठी तोरण खाली पडणार होतं. अक्कानं सगळा विचार केला होता. फक्त माझा केला नव्हता.

तोरण पडलं, ताशा कडाडला आणि पोळा फुटला! ज्या गणूची मला काळजी, तो उजवीकडे सगळ्यांच्या पुढे. सुमी डावीकडे, आपल्या मावशीच्या घराच्या रोखानं. बाकीचे दाही दिशांना. दोरी ताणली गेली. पोरांना वाटलं नंदी अडला, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. कासरा एकानंही सोडला नाही. मी दोन पावलं चाललो, तीन पावलं पळालो, आणि हात खिशातच ठेवून चिखलात तोंडावर आपटलो. त्यावरही भागलं नाही. सुमी वळली, गणू वळला, दोरीचा वेढा माझ्या पायांना बसला आणि मी बोजारा मागायला निघाल्यासारखा दोन हात अंतर फरफटत गेलो.

"मामाच फुटला," गणूला कोणीतरी सांगितलं.

रंजू तेवढी जागच्या जागी उभी होती. नंदीला हिसका बसल्याबरोबर ती थांबली, पट्टीची गुडघ्याजवळची कडी चाचपली, आणि एकेक पाऊल टाकत माझ्याकडे आली.

"रंजू, थांब, पडशील," मी चिखलातून म्हणालो. "मी येतो."

"मामा, पहिले हात खिशातून काढा," ती म्हणाली. "आता टेका. मंग गुडघा. घाई नका करू."

तसं केलं, तेव्हा उठलो. अक्का विळा घेऊन आली आणि दोरी कापू लागली.

"हात खिशात ठेव म्हटलं होतं ना तुले?"

"ठेवलेच होते."

रंजूनं आपला नंदी वळवला आणि आबाजींकडे निघाली. मध्येच घसरली, बसली. मी धावणार, तर अक्कानं माझी कॉलर धरली. रंजू हात टेकून उठली, परकर झटकला आणि आबाजींपुढे जाऊन उभी राहिली. मला रडू फुटलं. चिखल होता म्हणून निभावलं.

आबाजींनी पिशवीतली करंजी काढून तिच्या हातावर ठेवली आणि उपरण्यानं डोळे पुसले.

"बाई, पोरगी राहू द्या इथंच."

मी पुढे झालो. "आबाजी, तुम्ही निर्धास्त जा. तिच्याकडे मी लक्ष देईन."

आबाजींनी मला टाळूपासून तळव्यापर्यंत न्याहाळलं आणि ते अक्काकडे वळले.

"पोरीची मले फिकर नाही, बाई. पण या भाऊले एकटं सोडत नका जाऊ. हिच्या बाजूले बसवत जा, पोरगी ध्यान ठेवीन त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तर रंजूनं सतरंजीवर आपल्या शेजारी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. मी मुकाट्यानं जाऊन बसलो.